अनुदानाचं काम करून देणं, हाही व्यवसाय आहे!

आपल्या गारखेड्यातलं हेडगेवार रुग्णालय १९८९ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठान चालवतं. पण खेड्यातल्या छोट्या आरोग्य संस्थेकडे अर्ज-हिशेबाला माणूस नसतो. तिथे तुमचं काम आहे.

१. आधी कागद तपासा: १२ए, ८०जी, सीएसआर-१. एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणीशिवाय संस्थेला कंपन्यांचा सीएसआर निधी घेता येत नाही.

२. प्रस्तावात स्पष्ट लिहा: गावं किती, रुग्ण किती, खर्च किती.

३. पैसे आल्यावर प्रत्येक बिल जपा. उपयोगिता प्रमाणपत्र रखडलं, की पुढचा हप्ताही रखडतो.

फी आधीच ठरवून घ्या, टक्केवारी नको. रुग्णांच्या पैशातून कमिशन कापलं, तर संस्थेचं नाव जातं आणि तुमचंही.