मागचा शॉकअप बदलायचाय? आधी हिशेब समजून घ्या

वाळूज एमआयडीसीत एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज कंपनी दुचाक्यांचे शॉकअप बनवते आणि बजाजचा कारखाना तिथे १९८५पासून आहे. तरीही छत्रपती संभाजीनगरातल्या गाडीवाल्याला शॉकअप बदलायची वेळ आली की भाव ऐकून घाम फुटतो. कारखाना गावात असला म्हणून पार्ट स्वस्त मिळत नाही. पाकिटावर छापलेली एमआरपी इथे तीच आणि नागपुरातही तीच. फरक पडतो तो मजुरीत, सोबत बदलल्या जाणाऱ्या बारीकसारीक सामानात आणि मुळात शॉकअप बदलायची गरज होती का, या प्रश्नात. पैसे जास्त जातात ते या शेवटच्या ठिकाणी.

आपल्याकडे या दुखण्याला कारणंही भरपूर. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे लांबचा प्रवास करणाऱ्याला जुनेच रस्ते धरावे लागतात. फुलंब्री-सिल्लोडमार्गे अजिंठ्याकडे जाणाऱ्या जळगाव रोडने काम रखडलेल्या वर्षांत किती गाड्यांचे शॉकअप खाल्ले, ते त्या रस्त्यावरच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. चाळीसगावकडे उतरणारा कन्नडचा औट्रम घाट आहेच. त्यात मागे डबल सीट, दोन्ही बाजूंना पेट्या आणि वर बांधलेला तंबू. रॉयल एनफिल्डची जुनी ४११ सीसीची हिमालयन २०१६ साली आली आणि २०२३च्या अखेरीस ४५०ने तिची जागा घेतली. त्या काळात घेतलेल्या गाड्या आता अशा वयात आल्यात की मागचा मोनोशॉक बोलायला लागतो. सुरुवातीच्या डॉमिनार ४००चंही तेच.

मेकॅनिकने 'शॉकअप गेला' म्हटलं की लगेच मान डोलावू नका. शॉकअपवर तेल दिसतंय म्हणून तो लीक आहे असं नाही. चेनला मारलेला लूब उडून नेमका तिथेच बसतो. कापडाने दांडा कोरडा करा, पन्नासेक किलोमीटर फिरा आणि पुन्हा बघा. दांड्यावर पुसट ओलावा असेल तर चालतो. सीलखालून ओघळ आला असेल आणि त्यावर धुळीचा चिखल जमला असेल, तर मात्र सील गेलं. मग सीट जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली पाहिजे. दोन-तीन वेळा झुलली, तर आतलं तेल किंवा गॅस कामाचं राहिलेलं नाही. खड्ड्यात 'टक्' असा कोरडा आवाज येत असेल तर संशय आधी बुशवर घ्या. शॉकअपच्या टोकांचे रबरी बुश, लिंकेजचे बेअरिंग किंवा चिमट्याचे बुश खाल्ले की असाच आवाज येतो आणि हे सगळं शॉकअपच्या मानाने फार स्वस्तात होतं.

एक माप घरीच घेता येतं. गाडी मेन स्टँडवर लावा म्हणजे मागचं चाक लोंबेल. चाकाच्या एक्सलपासून सरळ वर, शेपटीच्या पॅनलवर चिकटपट्टी लावून अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून उतरवा, नेहमीच्या सामानासकट त्यावर बसा आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. दोन मापांतला फरक म्हणजे गाडी तुमच्या वजनाने किती बसते ते. मागच्या चाकाच्या एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश इतका तो असावा. हिमालयन ४११ची मागची चाल १८० मिमी, म्हणजे ४५ ते ६० मिमी ठीक. फरक ८० मिमी निघाला तर आधी स्प्रिंगचा प्रीलोड वाढवून बघा. सी-पाना लावून कडी फिरवायची, एवढंच काम. अनेक गाड्या कंपनीतून आलेल्या सेटिंगवर वर्षानुवर्षं डबल सीट फिरतात आणि मालक 'शॉकअप मऊ आहे' म्हणून नवा घ्यायला निघतो. कडी पूर्ण आवळूनही गाडी बसत असेल, तर स्प्रिंग थकली आहे किंवा सामान जास्त होतंय.

आता पैशांचं. पुढचे आकडे ढोबळ आहेत. मॉडेल आणि साल बदललं की किंमत बदलते, म्हणून पार्ट नंबर सांगून दोन ठिकाणी भाव विचारा. बुलेट किंवा क्लासिकसारख्या दोन शॉकअपच्या गाड्यांना जोडी साधारण अडीच ते सहा हजारांत येते. खालचा आकडा गॅब्रिएलसारख्या बाजारातल्या ब्रँडचा, वरचा कंपनीच्या गॅसवाल्या जोडीचा. इथे एक शॉकअप बदलून काम भागवू नका. एक नवा आणि एक थकलेला असला की गाडी वळणावर तिरकी वागते. डॉमिनारचा मोनोशॉक चार ते सात हजारांच्या पट्ट्यात, हिमालयन ४११चा सहा ते दहा हजारांच्या. वायएसएससारखा बाहेरचा, सेटिंग बदलता येणारा शॉकअप घ्यायचा तर वीस हजारांपासून पुढे कितीही.

मजुरी बाहेरच्या गॅरेजात जोडीला दोन-चारशे आणि मोनोशॉकला पाचशे ते दीड हजार. शोरूममध्ये याहून जास्त पडते. मोनोशॉकला लिंकेज असेल तर तो काढताना तेही सुटतं, त्यामुळे त्याच वेळी बेअरिंग बघून ग्रीस भरून घ्या. पुन्हा महिनाभराने तेवढ्यासाठी गाडी उघडली तर मजुरी दुसऱ्यांदा जाते. भाव ठरवतानाच 'ग्रीसिंग यात आलं का?' असं विचारून घ्या, नाहीतर बिलात ते वेगळ्या ओळीत येतं.

दुरुस्तीचा पर्यायही आहे. शॉकअप उघडून सील आणि तेल बदलायचं, नायट्रोजन पुन्हा भरायचा, याला साधारण अडीच ते सहा हजार पडतात. हिमालयनच्या नव्या शॉकअपशी तुलना केली तर यात फारशी बचत नाही. महागड्या शॉकअपला मात्र हाच शहाणपणाचा मार्ग. गॅरेजात नायट्रोजन मोजून भरायची सोय आहे का, हे आधी विचारा. नसेल तर तुमचा शॉकअप पुण्या-मुंबईला जाणार, मग कुरिअरचा खर्च आला आणि तोपर्यंत गाडी उभी. दांड्यावर ओरखडे असतील तर नवं सीलही टिकत नाही, मग पैसे घालू नका. आणि 'भोक पाडून तेल घालतो, वेल्डिंग मारतो' म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. आत दाबाखाली गॅस असतो, ते जीवावर बेतू शकतं. अपघातातल्या गाडीचा काढलेला शॉकअप निम्म्या भावात मिळतो, पण त्याचा दांडा नजरेला दिसणार नाही इतका वाकलेला असू शकतो. माझं मत विचाराल तर तोही नको.

बिल हातात आलं की एक गोष्ट तपासायचीच. २२ सप्टेंबर २०२५पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मजुरीवर आधीपासून १८ आहेच. एमआरपी सगळ्या करांसह असते, त्यामुळे 'एमआरपी अधिक जीएसटी' हा हिशेब चुकीचा. समजा पाकिटावर ७,००० रुपये छापलेत. मग बिलात पार्टची मूळ किंमत ५,९३२.२० आणि कर १,०६७.८० अशी विभागणी दिसली पाहिजे, बेरीज सात हजारच. मजुरी ८०० ठरली असेल तर करासह ९४४. ज्या दुकानाकडे जीएसटी नोंदणी नाही किंवा जे कंपोझिशन योजनेत आहे, त्याला बिलात जीएसटी लावताच येत नाही. त्याने लावला तर नोंदणी क्रमांक मागा.

विम्याकडून फार आशा ठेवू नका. झिजून गेलेल्या शॉकअपचे पैसे मिळत नाहीत, अपघातात वाकला तरच. तिथेही झीज-वजावट लागते. चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ३५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीवर ४० टक्के. झीज-वजावट माफ करणारी पॉलिसी असेल तर गोष्ट वेगळी. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर बाहेर कुठेही हात लावू देऊ नका, आधी शोरूमला दाखवा.

सगळं धरून सांगायचं तर हिमालयन ४११ किंवा डॉमिनारवाल्याने कंपनीचाच शॉकअप घ्यावा, सोबत बेअरिंग आणि बुश तपासून घ्यावेत आणि खिशात सात ते तेरा हजार ठेवून गॅरेजात जावं. वीस-तीस हजारांचा शॉकअप लडाख-स्पितीला वारंवार जाणाऱ्याने घ्यावा. वर्षातून दोनदा महाबळेश्वर करणाऱ्याला त्याचा उपयोग जाणवणारही नाही.

काम झाल्यावर नव्या शॉकअपचं रिकामं पाकीट आणि जुना शॉकअप, दोन्ही मागून घ्या. पार्ट खरंच बदलला याचा तो पुरावा. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले किंवा बिल द्यायला नकार दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही.