डबा तसाच, वेफर्सची पाकिटं रिकामी

प्रश्न : मुलगी नववीत आहे. यंदा मोठ्या शाळेत घातल्यापासून भाजी-भाकरीचा डबा तसाच परत येतो आणि संध्याकाळी वेफर्सची पाकिटं फस्त होतात. वजनही वाढतंय. काय करावं?

उत्तर : ताई, वजनाचं नंतर बघू. शाळेत आपलं स्थान काय, असं तिला वाटतं? अमेरिकेत एलिझाबेथ गुडमन, नॅन्सी ॲडलर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये किशोरवयीन मुलांना १० पायऱ्यांची शिडी दाखवून हेच विचारलं होतं. पुढे २००८ मध्ये तिथल्याच एका अभ्यासात दिसलं, की स्वतःला खालच्या पायऱ्यांवर ठेवणाऱ्या मुलींचं वजन दोन वर्षांत जास्त वाढण्याची शक्यता अधिक होती. घरची मिळकत जमेस धरूनही. तेव्हा तिला हावरट म्हणू नका. शिवाय ती दिवसभर उपाशी असते, हेही आहेच.

डबा उघडताना कोणी हसतं का, हे शांतपणे विचारा. काय न्यायचं ते तिलाच ठरवू द्या. घरी आल्या आल्या गरम जेवण वाढा. ती जेवण टाळू लागली, मुद्दाम उलट्या करू लागली किंवा पाळी थांबली, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि घरात कोणी तिला ‘जाडी’ म्हणत असेल, तर ते आजच बंद करा.