व्हील पँट बसवण्याआधी

बाळ, पंख झाले, इंजिन बसलं, आता चाकांवर चढवायच्या दोन व्हील पँट तेवढ्या उरल्यात म्हणून तू एका रविवारात उरकायला निघालीस. थांब जरा. आधी मामाचं ऐक, मग ड्रिल उचल.

१. विमान स्टँडवर घे, चाकं अधांतरी कर आणि उड्डाणात असतं तसं ते लेव्हल कर — जमिनीवर उभं असताना वजनाने चाकांचे पाय फाकतात. तेव्हा मापून बसवलेली पँट हवेत तिरकी होते आणि वेग वाढवायच्या ऐवजी खाते.

२. नाकापासून आणि शेपटीपासून ओळंबे सोड, दोरी ताणून फरशीवर खडूची मध्यरेघ मार आणि दोन्ही पँट तिला समांतर लाव. डोळा भिडस्त, ओळंबा फटकळ — शेडच्या भिंती नि फरशीचे सांधे नजरेला फसवतात.

३. टायरच्या माथ्यावर इंचभर जाडीचा लाकडी ठोकळा ठेव, पँट त्यावर टेकव, मगच भोकं पाड — टायर तापल्यावर आणि जोरात फिरताना फुगतो. खालच्या तोंडाशीही चहूबाजूंनी बोट सहज फिरलं पाहिजे. फट राखील त्याचं चाक फिरेल.

४. ब्रेकला मात्र या सगळ्यांहून जास्त मान दे. कॅलिपरभोवती मोकळी जागा ठेव, पँटच्या आत त्या बाजूला उष्णता अडवणारा चकचकीत पत्रा चिकटव — आपण शेडमध्ये सुकवतो ते इपॉक्सी तापलं की मऊ पडतं आणि ब्रेकचं लाल तेल पेट घेतं. बर्ट रुटानने आखलेल्या लाँग-ईझी विमानाचे तर चाकांचे पायच फायबरग्लासचे. एनएएलने १९८७ मध्ये बेंगळुरूत उडवलेलं कॅनार्ड विमान त्याच आराखड्यावरचं. असे फायबरग्लासचे पाय ब्रेकच्या धगीपासून जपावे लागतात, आणि तुझेही फायबरचेच आहेत. ब्रेक दाबून दाबून टॅक्सी करायची सवय लागली असेल तर आजच मोड.

५. एप्रिलच्या दुपारी रेझिन थोडं थोडं कालव आणि पसरट ट्रेमध्ये ओत — खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडतं. पावसाळ्यात थर सुकल्यावर त्यावर चिकट, मेणचट साय धरते. ती कोमट पाण्याने धुऊनच पॉलिश पेपर मार, नाहीतर पुढचा थर पकडत नाही.

६. ग्लोव्हज नि मास्क, दरवेळी — इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की शेडचं दार कायमचं बंद.

७. बोहरी आळीत जगातलं सगळं मिळतं, पण चाकाजवळचे नट-बोल्ट तिथून आणू नकोस — कुठल्या पोलादाचे, किती ताण सोसणारे, याचा कागद त्यांच्यासोबत येत नाही.

८. भोक पाडताना मागे लाकडाची फळी धर, ड्रिल बिट नवं घे — बोथट बिट फायबर कापत नाही, फाडतं.

९. हवा भरायच्या व्हॉल्व्हसमोर झाकणाचं भोक ठेव — हवा तपासायला दरवेळी आठ स्क्रू काढावे लागले, तर आपण तपासतच नाही, माणसाचा स्वभावच तो. तळाशी पाणी निघायलाही एक बारीक भोक असू दे.

१०. पावसाळ्यात मातीच्या किंवा गवताच्या धावपट्टीवर जायचं असेल तर दोन्ही पँट काढूनच जा — आपली काळी माती आत ठासली की चाक अडकतं. चार नॉट कमी मिळाले तर मिळोत.

११. रंग देऊन झाल्यावर दोन्ही पँट वजनकाट्यावर ठेव, आकडा तक्त्यात भर, प्रत्येक पायरीचा फोटो तारखेसह जप — काम संपतं, कागद संपत नाहीत. कॅप्टन अमोल यादवांनी चारकोपच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ मध्ये बीकेसीच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी डोळे भरून पाहिलं, तरी डीजीसीएची नोंदणी हाती यायला २०१७ उजाडलं.

१२. आतून पांढरा रंग दे आणि पहिल्या जोरातल्या टॅक्सीनंतर दोन्ही पँट उतरवून टॉर्च मारून बघ — टायर कुठे घासला असेल तर काळा ओरखडा लगेच दिसतो. दिसला, तर त्या दिवशी उडायचं नाही. मला फोन कर, मी कानस घेऊन येतो.