लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलची निवड : जुन्या मोटारीच्या संदर्भात

वळणावर मोटारीचे बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. हा फरक डिफरन्शियल सांभाळते. मात्र एक चाक घसरू लागले, की दुसऱ्यालाही तेवढेच तोकडे बळ मिळते. हा दोष आवरण्यासाठी लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल असते. १९८० च्या दशकातील फोर्ड एस्कॉर्ट आरएस टर्बोमध्ये ते दाट द्रवावर चालणारे होते. १९९५ च्या होंडा इंटेग्रा टाइप-आरमध्ये तिरप्या दात्यांचे.

पुढच्या चाकांना गती देणाऱ्या बहुतेक मोटारींत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असते आणि दोहोंचे तेल एकच. निवडीचे मर्म येथे आहे. क्लचच्या चकत्यांचा प्रकार घेतल्यास झिजेचा चुरा त्याच तेलात फिरतो. शिवाय चकत्यांना मानवणारे तेल सिंक्रोमेशला मानवेलच असे नाही. स्टिअरिंगही हातातून ओढले जाते. शर्यतीत हे खपते, कारण तेथे गिअरबॉक्स वारंवार उघडतातच. परंतु जुन्या मोटारीचे सुटे भाग दुर्मीळ. म्हणून नित्य वापरासाठी तिरप्या दात्यांचा प्रकारच उजवा मानावा. एक चाक पूर्ण अधांतरी गेले, तर मात्र तो जवळजवळ निष्प्रभ ठरतो.

गिअरबॉक्स उघडलाच आहे, तर बेअरिंग आणि ऑइल सीलही बदलून घ्यावीत. उघडण्याची मजुरी पुन्हा पडत नाही.