अंगणातला मोगरा : छाटला तरच फुलतो



मोगरा पुष्कळ जणींच्या दारात असतो. पण "झाड नुसतं वाढतंय, फुलंच नाहीत" असंही ऐकू येतं. कारण साधं आहे. मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटीवर. जुन्या फांद्या तशाच ठेवल्या, की झाड नुसतं पानांनी भरतं.

जात आणि जागा : अंगण लहान असेल तर बटमोगरा लावा. झुडूप आटोपशीर राहतं, फूल गोल अन् भरगच्च येतं. दिवसातून सहा तास तरी ऊन हवं.

लागवड : पावसाळ्याच्या सुरुवातीला दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. म्हणून मातीत वाळू किंवा मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा. दोन झाडांत चार फूट अंतर ठेवा.

छाटणी : नोव्हेंबरअखेर पाणी तोडा. डिसेंबरमध्ये जमिनीपासून दीड फुटावर फांद्या छाटा. वाळलेल्या, रोगट फांद्या बुडातूनच काढा. मग शेणखत घालून पाणी सुरू करा. हात आखडू नका, झाड मरत नाही.

पाणी : एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून पिण्याचं पाणी फुलझाडाला नको. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी द्या, साबणाचं नको. जुना माठ झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा, पाणी हळूहळू पाझरतं. बुडाशी सोयाबीनचं भुसकट पसरा, ओल टिकते. घरच्या सांडपाण्यावर जगतील तेवढीच झाडं लावा. दोन जगलेली दहा वाळलेल्यांपेक्षा बरी.

कीड : कळीला छिद्र दिसलं तर आत अळी आहे. अशा कळ्या तोडून नष्ट करा, ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

तोडणी : टपोऱ्या, न उमललेल्या कळ्या पहाटे तोडा आणि ओल्या फडक्यात ठेवा. बहर उन्हाळ्यात, म्हणजे ऐन लग्नसराईत येतो. एकटीच्या कळ्या गजऱ्याला कमी पडतील. गटातल्या चार-पाच जणींनी एकत्र केल्या तर विकण्याजोगे गजरे होतात. दोऱ्याचा खर्च आणि आलेले पैसे वहीत लिहा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं : माझ्या घरी रोज किती बादल्या सांडपाणी निघतं, आणि त्यावर किती झाडं जगतील?