शेगडी आणि निखारे

वांग्याचे भरीत कोणाला आवडत नाही? थंडी पडली की भरताची मोठी वांगी बाजारात येतात. ती निखाऱ्यावर भाजावीत. गॅसवरही वांगे भाजते. पण तो खरपूस वास येत नाही. निदान आमचे मत असे आहे. आमच्या सुनांना ते पटत नाही!

शेगडी अंगणात ठेवा. काटक्या पेटवून वर लाकडी कोळसा रचा. पेटत्या कोळशावर रॉकेल कधीही ओतू नका. भडका उडून हात-तोंड भाजते. कोळशावर पांढरी राख चढेपर्यंत दम धरा. ज्वाळेवर भाजले तर साल जळते आणि आत कच्चे राहते.

वांग्याला तेलाचे बोट फिरवा. सुरीने दोन-चार जागी टोचा, नाहीतर वाफ कोंडून ते फुटते. देठापाशी मऊ लागले म्हणजे झाले. कणीस, कांदा, रताळे हेही असेच भाजावे.

मटणाच्या फोडी लहान कराव्यात. मीठ, हळद, आले-लसूण आणि दही लावून तास-दोन तास ठेवाव्यात. मग सळईत ओवून निखाऱ्याच्या चार बोटे वर फिरवीत राहावे. चरबी गळून जाळ झाला तर सळई बाजूला घ्यावी. कोंबडीची फोड मात्र कापून पाहावी. आत गुलाबी दिसली तर परत भाजावी.

जेवण झाले, तरी शेगडी विझलेली नसते. पुष्कळ वर्षांपूर्वी, पौषातल्या एका रात्री फार गारठा होता. भरीत-भाकरी खाऊन आम्ही उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी माजघरात आणली. दार लावले, खिडकी लावली. धूर नव्हता. मग भीती कसली? मध्यरात्री आमच्या आई पाणी प्यायला उठल्या आणि धाडकन पडल्या. त्या आवाजाने आम्ही जागे झालो. डोके ठणकत होते. पाय उचलेनात. रांगत जाऊन कडी काढली आणि सर्वांना ओट्यावर ओढून आणले. धाकटा मुलगा कितीतरी वेळ डोळे उघडीना. शेजारी म्हणाले, बाहेरची बाधा झाली. बाधा कसली! शाळेत आम्ही 'हवा' हा धडा शिकवीत होतो, आणि घरी हे केले होते.

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. तो दिसत नाही. त्याला वास नाही. आपल्या रक्तातला तांबडा पदार्थ श्वासातला प्राणवायू अंगभर नेतो. हा वायू त्या पदार्थाला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू पुरत नाही. झोपलेल्या माणसाला तर हे कळतही नाही. शेगडीजवळ पाण्याचे भांडे ठेवले की भागते, असे काही लोक सांगतात. ते खोटे आहे. पाणी हा वायू शोषून घेत नाही.

म्हणून भाजणे झाले की शेगडी बाहेरच राहू द्या. निखारे चिमट्याने उचलून पाण्याच्या घमेल्यात टाका. मातीच्या शेगडीवर पाणी ओतू नका, ती तडकते. ओले कोळसे वाळवले की पुन्हा कामाला येतात.

कोळशाजवळ बसून कोणाचे डोके दुखू लागले, मळमळ झाली, चक्कर आली, तर त्याला लगेच उघड्या हवेत न्या. कांदा हुंगवत बसू नका. शुद्ध हरपली असेल तर १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवा. आणि डॉक्टरांना पहिल्याने सांगा, की घरात कोळसा पेटला होता.