पायात गाठ: जुनी की नवी?

प्रश्न : माझे वडील डोलवीच्या पोलाद कारखान्यात ग्राइंडिंगचं काम करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. आता तोच पाय पुन्हा सुजलाय. पेणला सोनोग्राफी केली, पण निदान पक्कं होत नाही. डॉक्टर एमआरआय सुचवतात. खरंच गरज आहे का?

उत्तर : तुमच्या वडिलांच्या बाबतीत, हो. एरवी पहिली तपासणी डॉप्लर सोनोग्राफीच. ती स्वस्त आणि भरवशाची असते. पण एकदा गाठ होऊन गेलेल्या शिरेत व्रण राहतो आणि सोनोग्राफीत तो नव्या गाठीसारखाच दिसू शकतो. ताज्या गाठीत हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं. विशिष्ट पद्धतीच्या एमआरआयमध्ये ते पांढरंशुभ्र चमकतं, तेही रंगद्रव्य न टोचता. साधारण सहा महिन्यांत ही चमक विरते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या थिया अभ्यासात 305 रुग्णांवर ही पद्धत पारखली गेली. मात्र ती प्रत्येक केंद्रात होत नाही, आधी विचारून घ्या.

ग्राइंडिंगचं काम आहे हे तंत्रज्ञाला आवर्जून सांगा. डोळ्यात लोखंडाचा बारीक कण अडकलेला असेल तर एमआरआयचं चुंबक तो हलवून नजरेला इजा करू शकतं. म्हणून आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. पेसमेकर असेल तर तेही सांगा.

तोवर पाय चोळू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आताच सुरू करायच्या का, हे डॉक्टरांना आजच विचारा. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर तपासणीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.